अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं फेसबुकवर, यूट्यूबखाली आणि गावच्या मोठमोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इथेनॉल, ईव्हीएम, लस, चांद्रयान, अणुऊर्जा अशा विषयांवर मी अनोळखी लोकांशी वाद घालत आले आहे. माजी विद्यार्थी भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

अनोळखी माणसाशी वाद घालायचाच कशाला? तो थोडाच ऐकणार आहे!

बहुतेक वेळा नाहीच ऐकत, निदान त्या दिवशी तरी. पण वाचणारा तो एकटा नसतो. ग्रुपवर दोघं भांडत असतात तेव्हा बाकीचे गप्प राहून वाचत असतात. त्यांच्यातल्या कोणाला पुढच्या महिन्यात गाडी घ्यायची असते, कोणाला बाळाला लस द्यायची की नाही हे ठरवायचं असतं. मी लिहिते ते त्यांच्यासाठी. एकदा हे मनाशी पक्कं झालं की भाषाच बदलते. समोरच्याला खिजवणारी वाक्यं आपोआप गळतात, कारण गप्प वाचणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नसतो.

टिळक आणि आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. पुढे संमतिवयाच्या प्रश्नावर ते ‘केसरी’ आणि ‘सुधारक’मधून एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा समोरचा कोण आहे, कुठून आला आहे, हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. आपल्याला समोरच्याचा फक्त डीपी दिसतो. तेव्हा त्याच्या हेतूंचे अंदाज बांधण्यापेक्षा त्याने लिहिलेलं नीट वाचावं, तेवढंच आपल्या हातात असतं.

सुरुवात कुठून करायची?

आधी वाक्य ठरवा. वाद नेमका कोणत्या वाक्यावर चाललाय हे ठरल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. माझं सगळं सांगणं यातच आलं. तरी एक उदाहरण सविस्तर देते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई२० पेट्रोलवरून (उसापासून वगैरे बनणारं इथेनॉल २० टक्के मिसळलेलं पेट्रोल) रान पेटलं होतं. एका गृहस्थांनी लिहिलं, “ई२० ने गाड्यांची वाट लावली, जनतेला फसवलं, सगळं साखर कारखानदारांसाठी चाललंय.” यात तीन वेगळी विधानं आहेत. तिन्हींना एकदम उत्तर द्यायला गेलं की संध्याकाळपर्यंत फक्त हमरीतुमरी होते. मी विचारलं, “यातलं पहिलं घेऊ. वाट लावली म्हणजे मायलेज पडलं, की पार्ट खराब झाले?” ते म्हणाले, “मायलेज. चांगलं ३० टक्के पडलंय.”

आता हातात धरता येईल असं एक वाक्य मिळालं. मग हिशेब उघड्यावर मांडला. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. पेट्रोलचे २५.६ आणि इथेनॉलचे ४.२ मिळून २९.८ मेगाज्यूल होतात. शुद्ध पेट्रोलच्या मानाने ही घट सुमारे ७ टक्के. म्हणजे लिटरला १५ किलोमीटर देणारी कार एखादा किलोमीटर कमी देईल.

शिवाय आपण ई२० वर आलो ते शुद्ध पेट्रोलवरून नाही. १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्येच गाठलं होतं. ई१० मध्ये सुमारे ३०.९ मेगाज्यूल असतात. म्हणजे ई१० वरून ई२० वर येताना कमी झालेली ऊर्जा साधारण साडेतीन टक्के. इंजिनाच्या ट्यूनिंगप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होईल, पण ३० पर्यंत जाणार नाही. ३० टक्के घट खरंच झाली असेल तर टायरमधली हवा, एअर फिल्टर, क्लच, एसीचा वापर, टाकी भरण्याची आणि मोजण्याची पद्धत हे सगळं तपासावं लागेल.

गृहस्थांना हे पटलं का, माहीत नाही. ते पुढे बोलले नाहीत. पण तिसऱ्याच एका मुलाने विचारलं, “मॅडम, मग टाकी फुल टू फुल मोजायची कशी?” माझी संध्याकाळ सार्थकी लागली.

पण ई२० वर बोलणारे सगळे मायलेजवरच बोलत नाहीत ना?

नाहीत, आणि म्हणूनच हा वाद इतका गुंततो. करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक म्हणतो, इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा खेळता राहतो आणि एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) वेळेवर मिळते. कायद्याने ती १४ दिवसांत मिळायला हवी आणि ती कशी रखडते हे त्याने भोगलेलं असतं. पुण्यात २०१२ सालची मोटारसायकल चालवणारा आपल्या खिशाबद्दल बोलतो. मराठवाड्यातला माणूस पाण्याबद्दल बोलतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असा हिशेब आहे. टँकरची वाट पाहणाऱ्याला हा आकडा बोचणारच. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली होती.

तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, फक्त तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. अशा वेळी मी सरळ लिहिते, “दादा, तुम्ही उसाच्या पैशाबद्दल बोलताय, हे गाडीबद्दल बोलतायत. दोन्ही बोलू, पण एकेक.” एवढ्याने निम्मी धग कमी होते.

आकडा आला की काय पाहायचं?

कशाचा, कशाच्या तुलनेत, किती जणांत वाटलेला. चांद्रयान-३ वर सुमारे ६१५ कोटी रुपये खर्च झाले. २३ ऑगस्ट २०२३ ला ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्याच रात्री “गरीब देशाचे ६०० कोटी उधळले” असे मेसेज यायला लागले. १४० कोटी लोकसंख्येला भागलं की माणशी साडेचार रुपयांच्या आत येतात. हा भागाकार जरूर दाखवावा.

पण तिथेच थांबावं. साडेचार रुपये चंद्रावर खर्च करावेत की गावच्या आरोग्य केंद्रावर, हे भागाकार सांगत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे आणि त्यावर समोरच्याचं मत माझ्याइतकंच वजनदार आहे. विज्ञान शिकवणारी माणसं इथे फार चुकतात. आकडा सिद्ध केला की धोरणही सिद्ध झालं असं धरून चालतात.

“तुमची पुस्तकं ठेवा बाजूला, आम्ही अनुभवाचं बोलतोय” असं म्हणतात तेव्हा?

मी तर आधी कान टवकारते. कारण एकदा मीच तोंडघशी पडले आहे.

त्याच ई२० च्या वादात मी ठणकावून लिहिलं होतं की सरकारी आराखड्याप्रमाणे मायलेज फक्त १ ते २ टक्के कमी होतं. इचलकरंजीच्या एका गॅरेजवाल्यांनी खाली एकच ओळ लिहिली, “कुठल्या गाडीचं, मॅडम?” मी आराखडा पुन्हा उघडला. १ ते २ टक्के घट होती ती ई१० साठी बनवलेल्या आणि ई२० साठी ट्यून केलेल्या चारचाकींची. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी ट्यून केलेल्या चारचाकींना तिथेच ६ ते ७ टक्के लिहिलं होतं, तशाच दुचाकींना ३ ते ४. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांबद्दल मी नव्या गाड्यांचा आकडा सांगत होते. अगदी वडाची साल पिंपळाला.

मी लिहिलं, “तुमचं बरोबर, माझं चुकलं. मी सांगितलेला आकडा जुन्या गाड्यांना लागू नाही.” आणि पूर्ण तक्ता टाकला. वर दिलेला मेगाज्यूलचा हिशेब मी त्यानंतर मांडायला लागले. तो त्या प्रश्नामुळे सुचला.

तेव्हा अनुभव सांगणाऱ्याला तपशील विचारा. कोणती गाडी, कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली, आधी काय मिळायचं. खरा अनुभव असेल तर माणूस उत्साहाने सांगतो. ऐकीव असेल तर “सगळ्यांनाच माहितीय” वर येतो.

चूक कबूल केली की लोक तीच धरून बसत नाहीत का?

काही जण बसतात. स्क्रीनशॉट काढून महिनाभर फिरवतात. मला त्याचा त्रास झाला, झाला नाही असं म्हणणार नाही. तरीही चुकीची पोस्ट गुपचूप पुसू नका. तिच्याखाली दुरुस्ती लिहा. आधी चुकीचं वाचून गेलेल्याला दुरुस्ती दिसली पाहिजे. आणि दुरुस्तीत “पण” घालू नका. “माझं चुकलं, पण तुम्हीही...” ही कबुली नाही, नवा वाद आहे.

अहो-जाहो करायचं की अरे-तुरे?

अनोळखी माणसाला अहो-जाहोच. तो डीपीवरून कॉलेजातला पोरगा वाटला तरी.

मराठी वादाची एक खूण मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. “तुम्ही”चं “तू” झालं की मुद्दा संपला आणि गुद्दा सुरू झाला. त्याच्या आधीची पायरी म्हणजे “साहेब”, “काका”, “ताई” हे शब्द टोमण्यासारखे यायला लागतात. “अहो ताई, स्वयंपाकघर सांभाळा” हे मला लिहिलेलं वाक्य आहे, इंजिनाच्या कॉम्प्रेशन रेशोवर बोलत असताना. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्या आधीच्या वाक्यात कॉम्प्रेशन रेशोबद्दल एक बरा मुद्दा होता, तेवढ्यालाच दिलं, “तुम्ही” म्हणूनच. दुसऱ्या दिवशी तेही “तुम्ही”वर आले. दरवेळी असं होत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे, खानदेशात, विदर्भात बोलण्याची धाटणी वेगवेगळी. मोकळेपणाने केलेलं अरे-तुरे पुण्यातल्या माणसाला अपमान वाटू शकतं. शंका आली तर राग धरण्याआधी दोन-चार वाक्यं वाट बघा.

आडनाव पाहून बोलायला लागले तर?

होतं. आपल्याकडे फार होतं. इथेनॉलवर बोलताना “आडनावावरून कळलंच तुम्ही कोणाचे” असं येतं, आरक्षणावर तर पहिल्या ओळीतच येतं. मी एकदाच लिहिते, “माझं आडनाव झाका आणि वाक्य खोडून दाखवा.” दुसऱ्यांदा तेच आलं तर बोलणं बंद. आणि हा नियम आधी स्वतःला लावायचा. समोरच्याचं आडनाव वाचून त्याच्या मुद्द्याचा अंदाज आपणही बांधत असतो. हे मान्य करायला जड जातं, पण करावं.

ईव्हीएमवर वाद घालावा का? तिथे तर कोणीच कोणाचं ऐकत नाही.

घालावा, पण वाक्यं वेगळी करून. “ईव्हीएम बरोबर की चूक” असा प्रश्नच धरू नका. यंत्रात फेरफार करणं तत्त्वतः शक्य आहे का? अमुक निवडणुकीत तसा झाला का? आणि आत्ताची पडताळणी पुरेशी आहे का? हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा निरनिराळा.

माहिती दोन्ही बाजूंनी अपुरी असते. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं हे मतदाराला दाखवणाऱ्या छपाई यंत्राची, चिठ्ठी ७ सेकंद दिसते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात, तसं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवून दिलं. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याच वेळी, उमेदवारांची चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरण्याचं उपकरण निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ५ टक्के यंत्रं तपासून मागण्याची मुभा दिली. “न्यायालयाने क्लीन चिट दिली” म्हणणारा आणि “न्यायालयाने काहीच ऐकलं नाही” म्हणणारा, दोघंही निम्माच निकाल सांगत असतात.

माझं मत विचाराल तर, घोळ झाल्याचा पटेल असा पुरावा मी अजून पाहिलेला नाही. आणि जास्त चिठ्ठ्या मोजा ही मागणी मला रास्त वाटते. ही दोन वाक्यं एकाच माणसाची असू शकतात हे ऑनलाइन कोणाला खरंच वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन पाहायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्या गावकऱ्यांना त्या दिवशी ऑनलाइन काय काय म्हटलं गेलं ते वाचून मला वाईट वाटलं. शंका विचारणं हा गुन्हा नाही. तिचं शांतपणे, आकड्यांसकट उत्तर देणं हे आपलं काम आहे.

पुरावा मागितला की “गूगल करा” म्हणतात.

दावा ज्याचा, पुरावा त्याने द्यायचा. एकदा मागा, मिळाला नाही तर “पुरावा मिळाला नाही” एवढं लिहून पुढे चला.

पुरावे सगळे इंग्रजीत, वाद मराठीत. मग?

पूर्ण कागद चिकटवू नका, कोणी वाचत नाही. हवा तो परिच्छेद आपल्या मराठीत सांगा, पान क्रमांक द्या, आणि संज्ञा पहिल्यांदा आली की सोप्या शब्दांत फोड करा. संज्ञेबद्दल खात्री नसेल तर मराठी विश्वकोशात पाहा, तो ऑनलाइन फुकट वाचता येतो. भाषांतर करताना मात्र जपून. “शक्य आहे”चं “आहे” झालं की ‘ध’ चा ‘मा’ झालाच म्हणून समजा.

समोरचा एआयचं उत्तर जसंच्या तसं चिकटवतो.

उत्तर एआयचं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. पण त्यात नसलेले निकाल आणि नसलेले अहवाल अगदी ऐटीत येऊ शकतात. त्यातला एक दावा निवडा आणि मूळ कागद मागा. आपणही एआय वापरत असू तर मूळ कागद स्वतः उघडून वाचल्याशिवाय काही टाकू नये.

खोटा फॉरवर्ड दिसला आणि गप्प बसलो तर काय बिघडतं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून.

त्या काळात देशभर फिरत असलेली एक क्लिप मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला केलेली फिल्म होती. मुलाला परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

मी तेव्हा ज्या ग्रुपवर होते तिथेही “मुलं सांभाळा” असा मेसेज आला होता. मला तो खोटा वाटला होता. मी काही लिहिलं नाही, म्हटलं कशाला उगाच. त्यानंतर मी असा मेसेज एकदाही तसाच जाऊ दिलेला नाही. पाठवणाऱ्याला झापायचं नाही. “काका, हे कुठल्या गावचं, कोणत्या तारखेचं? जवळच्या पोलीस ठाण्यात विचारलं का?” एवढं विचारायचं. पाठवणाऱ्याने काळजीपोटीच पाठवलेलं असतं.

लिहिताना कायद्याचं काय सांभाळायचं?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा एवढा बोलबाला झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण म्हणून मोकळं रान नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी (कलम ३५६), समाजात तेढ पसरवणं (१९६), धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं (२९९) हे गुन्हे आहेतच. साधी गोष्ट म्हणजे कृतीबद्दल आणि विधानाबद्दल बोला. “या निविदेत अमुक त्रुटी दिसते” आणि “अमुक माणूस चोर आहे” यात फार अंतर आहे. दुसऱ्याचा फोन नंबर, पत्ता, घरच्यांचे फोटो कधीही टाकू नका.

थांबायचं कधी?

तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहावं लागलं की. शिवी आली की. आणि रात्री अकरानंतर, काहीही झालं तरी.

तुमचा कोणता वाद कधी मिटला का?

इचलकरंजीच्या त्या गॅरेजवाल्यांशी अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, जुन्या दुचाकींच्या कार्ब्युरेटरमधली रबरी वॉशर फुगतात, पेट्रोलचा पाइप कडक होऊन चिरतो, आणि हे ई२० आल्यापासून वाढलंय. माझं म्हणणं, इथेनॉलने काही रबरं खराब होतात हे खरं, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत त्यासाठी सामान बदललंय हेही खरं, पण पंधरा वर्षांच्या गाडीचा पाइप इथेनॉल नसतानाही चिरतोच. मग वाढलंय हे कशावरून?

मी त्यांना वही घालायला सांगितली. गाडी कोणती, साल काय, पाइप शेवटचा कधी बदलला, तक्रार कधीची. त्यांनी खरोखर घातली आहे, दर महिन्याला पानाचा फोटो येतो. एका पानावर २००९ ची स्प्लेंडर आहे, पाइप २०२१ मध्ये बदललेला, आणि समोर त्यांच्या अक्षरात “हा तुमच्या बाजूचा” असं लिहिलंय. खालच्याच ओळीत २०१८ ची ॲक्टिव्हा, पाइप मूळचाच, आणि “हा माझ्या”. या आठवड्यात तो पाइप उभा चिरून आतल्या बाजूचा फोटो टाकतो म्हणालेत.